कल्लोळची पट्टी

पुलाच्या तिसऱ्या खांबाला पट्टी आहे,
पांढऱ्यावर काळे आकडे, रंग उडालेले.
सकाळी आठला आणि सांजेला पाचला मी आकडा वाचतो,
मनात मराठीत मोजतो,
वहीत कन्नडमध्ये लिहितो.
बावीस वर्षं झाली. पगार अजून रोजंदारीचा.

पट्टी बसवली तेव्हा साहेब म्हणाले होते,
"याच्या वर नदी यायची नाही, तवनाप्पा."
साहेब रिटायर झाले. नदी नाही झाली.

गावाचं नाव कल्लोळ.
नाव ठेवणाऱ्यानं काहीतरी पाहिलेलं असणार.

त्या ऑगस्टात दूधगंगा कृष्णेच्या अंगावर धावून गेली.
शेवटचा आकडा बुडाला,
मग खांब, मग कठडा.
मी वहीत लिहिलं: पट्टी दिसत नाही.
ऑफिसातून फोन: असं चालत नाही, आकडा द्या.

खरा आकडा रात्रीच आला होता
राजापूरच्या बंधाऱ्यावरून, हद्दीपलीकडून.
दस्तगीर. आडनाव ठाऊक नाही, तोंड पाहिलेलं नाही.
"दीड फूट चढालंय गा. म्हशींची दावी सोड."
एवढंच बोलला, ठेवला.

दोन सरकारांची पत्रं तिसऱ्या दिवशी पोचली,
एक कन्नडमध्ये, एक मराठीत.
दोन्हींत होतं: समन्वय साधावा.
म्हशी तोवर माळावर रवंथ करत होत्या.

शाळेत गंजी केंद्र उघडलं.
फळ्यावर कुणाचा तरी भूगोल तसाच राहिलेला:
पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याने
आणि पुढं खडू संपलेला.
यादीत एकशे चाळीस नावं. पंगतीत दोनशे तीस माणसं.
"यादी जेवत न्हाई," पद्मव्वा म्हणाली
आणि पातेल्यात अजून एक घागर ओतली.
हुसेनबीच्या नातवाला पातळ गंजीत आपलं तोंड दिसलं,
तो हसला.
पद्मव्वानं पळी घालून ते तोंड मोडलं,
तळचा भात ढवळून वर काढला,
त्याच्या ताटलीत वाढला.

खर्डा ज्या कागदात बांधून आला
त्यावर बातमी होती, तेलानं आरपार झालेली.
कुठल्याशा समुद्रकाठच्या शहरात
दोनशे देश रात्रभर बसलेत
एका शब्दावर अडून.
कुठला शब्द, ते डागाखाली गेलं होतं.
"दोनशे देश?" पद्मव्वानं चुलीत फुंकर मारली.
"त्यास्नी रांधून कोण घालतंय?"

मार्चात नदी मागं सरली.
एप्रिलात शून्याच्या खाली उतरली.
शून्याखाली पट्टी नाही,
नुसता खांब, शेवाळाची वाळकी साल,
गाळात रुतलेली एक लहान चप्पल,
डाव्या पायाची.

पहिल्यांदाच मी फोन केला.
"पाणी?"
"आमच्याकडंबी तळच हाय."
मग दोघंही गप्प, फोन चालूच.
त्याच्या बाजूला टिटवी ओरडली,
थोड्या वेळानं माझ्या बाजूला.
"कडब्याची एक ट्रॉली निघंल," तो म्हणाला,
"नाक्यावर काय सांगू?"
"सांग, पावण्याकडं चाललाय."

ट्रॉली आली. ड्रायव्हरला नाव विचारलं तर
तो म्हणाला, धाडणाऱ्यानं सांगू नको म्हटलंय,
तुमाला म्हाईत असंल.

काल रंगाचा डबा घेऊन खांबाशी गेलो.
शिडीवर चढून पुराच्या रेघेपर्यंत सात आकडे वाढवले.
खाली चार.
खालचे लिहिताना नदीच्या पोटात
गुडघे टेकून बसावं लागलं.
ऑफिसनं रंगाचं बिल परत पाठवलं:
पट्टी मंजूर उंचीचीच असावी.

पाच वाजले.
खालून दुसरा आकडा.
वहीत त्याला रकाना नाही,
म्हणून आधी दस्तगीरला सांगतो.