उगवण

मिश्खाबला यंदाही भात लावायला बंदी.
तिसरं वर्ष. सोसायटीच्या दारावर कागद,
खाली शिक्का, शिक्क्याच्या खाली
कुणीतरी पेन्सिलीनं काढलेला मासा.

फखरिया कागद वाचत नाही.
बियाण्याचा डबा उघडून नाक आत घालते:
अंबर साळीनं वास धरून ठेवलाय अजून.
शंभर दाणे मोजते, दोन फडकी,
एक भिजवते कालव्याच्या पाण्यात
(वरच्या शहराचा मैला, साबणाचा फेस, जिभेला खार)
दुसरं विकतच्या बाटलीतल्या.

"केवढ्याला पडली बाटली?"
बाजेवरून सासरा विचारतो.
ती ऐकलं न ऐकलंसं करते.

पाचव्या दिवशी गाठी सोडल्या.
कालव्याच्या फडक्यात काळं, बुळबुळीत, कुबट.
बाटलीच्या फडक्यात एकवीस कोंब.
पहिल्या वर्षी त्रेचाळीस होते.

दुपारी रेशनचं पोतं आलं.
जहाजातून उतरलेला तांदूळ,
लांबसडक, पांढराफेक, कशाचाच वास नसलेला.
शिजवला. जेवले सगळे.
म्हाताऱ्यानं मीठ मागितलं नाही,
म्हणाला, चहातून गेलंय पोटात सकाळीच.

उन्हं कलल्यावर तिनं फुटक्या टबात चिखल केला,
उरलेली बाटली त्यात रिती केली,
एकेक कोंब बोटानं रोवला.
"एवढ्यात आपलं भागेल?" बनीन विचारते.
"खायला नाहीत गं. डब्यात टाकायला."

रात्री टब उचलून
अंथरुणाशेजारी आणून ठेवला.
शेजारच्यांची म्हैस हल्ली
पाण्याच्या वासानं दावं तोडते.