येरझाऱ्या

रांगणेकर यायचे शनिवारी, खैरानी रोडवरच्या आमच्या गाळ्यात,
ट्रेसिंग पेपरची सुरळी छत्रीच्या म्यानात घालून.
वडील म्हणायचे, आला बघ, फुकटचं काम घेऊन.
आणि स्वतःच जाऊन चहा सांगून यायचे.

"पिस्टन म्हणजे नुसत्या येरझाऱ्या," रांगणेकर सांगायचे.
"वर जा, थांब. खाली ये, थांब.
मिनिटाला सहा हजार वेळा थांबतं ते बिचारं,
आणि आपण म्हणतो, गाडी चालते."

त्यांच्या इंजिनात कुणी परतायचं नव्हतं.
पोटात एक तिकोनी रोटर, कडा समोशासारख्या फुगलेल्या,
तो फिरता फिरताच श्वास घेणार,
दाबणार, पेटणार, सोडून देणार.
व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही, कसली ठोकाठोक नाही.
जर्मनीत झालंय, जपानात झालंय, ते सांगायचे,
टोकं त्यांचीही झिजली.

भानगड टोकांचीच होती.
तीन टोकांना तीन पट्ट्या, नखाएवढ्या रुंद.
भिंतीला घासली तर झिजते,
सुटली तर सगळा जीव फटीतून निघून जातो.
बीडाची केली. ब्राँझची केली.
एकदा टॉर्चचे जुने सेल फोडून
आतली काळी कांडी तासली,
बोटं आठवडाभर काळी.
माझं बारावीचं वर्ष.
इंग्रजीत नापास झाले, पण केसाच्या आठव्या हिश्श्यावर
हात थांबवायला शिकले.

ते चाललं एकदाच. मंगळवारी. सव्वीस सेकंद.
प्लेटिंगवाल्या मुनीरचाचांनी
निकेलच्या टाकीतून वर काढलेला हँगर तसाच धरून ठेवला,
समोर शेंगदाणे भाजणारा झारा थबकला.
शिलाई मशीनला वाघाने पाय मारावा
तसा काहीसा आवाज.
मग टक.
मग रॉकेलचा वास, आणि वडिलांचं "अरेरे",
जे मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.
वहीत रांगणेकरांनी लिहिलं: २६.
खाली रेघ मारली नाही.

वडील गेले. लेथ माझ्याकडे आला.
सुरळ्या माळ्यावर गेल्या.

परवा मुदस्सर आला, बॅटरीवाल्या रिक्षाची मोटर
लहान मुलासारखी कडेवर घेऊन.
बेअरिंगची बैठक गेली, ताई, शाफ्ट हलतो.
उघडली तर आत तांबं, चुंबकं,
आणि फिरणारं म्हणून एकच काय ते.
मी मुलुंडला फोन केला.

एक्क्याऐंशी वर्षांचे रांगणेकर रिक्षाने आले.
म्यानात या खेपेला छत्रीच होती.
बोटाने शाफ्ट फिरवला. परत फिरवला.
"हिला कोपरेच नाहीत," म्हणाले.
आवाजात काय होतं ते मला मोजता आलं नाही.
मग सवयीने स्क्रूड्रायव्हर मागितला,
टोक मोटरवर, मूठ कानावर.
मुदस्सरने करंट दिला.

"काय ऐकू येतंय?"
"तुझा लेथ."

लेथ चालूच होता, बंद करायचा राहिला होता.
मी खाली पाहिलं.
पायाशी, चिप्सच्या ढिगाआड,
एकाहत्तर साली जुन्या बाजारातून आणलेली
तीन घोड्यांची मोटर,
ग्रीसने काळी, एका सुरात.
त्या सव्वीस सेकंदांचा तुकडा न् तुकडा
हिच्याच जोरावर कापला होता,
आणि आम्हा तिघांपैकी कुणी
चप्पल टेकवण्यापलीकडे तिची दखल घेतली नव्हती.

रांगणेकर वाकले. गुडघा कटकन वाजला.
बराच वेळ खालीच होते.

"पट्टा," त्यांनी विचारलं, "कधी बदललास?"