एकोण

हर्णैच्या बंदरात लिलाव उठला की
बाबा ओल्या रेतीवर
खलाशांच्या कालवणाचे वाटे लावायचे.
हात बांगड्यांत, तोंडात औटकी:
औट चोक चौदा, औट पाचे साडेसतरा.
शाळा तिसरीत सुटलेली,
पण डिझेलचा हिशोब सोसायटीच्या मशीनच्या आधी तयार.
मशीनपाशी बसायचे मीच,
तिचा आकडा उमटेपर्यंत गप्प राहायचे.

होळीच्या चार दिवस आधी उजवा हात गेला.
पाठोपाठ शब्द.

पाण्याला ते आता दोरी म्हणतात.
मला कधी कधी आईचं नाव.
शिव्या तेवढ्या शाबूत,
आणि टोपल्या मोजायची चाल,
पहिल्या टोपलीला एक न म्हणता लाभ म्हणायची:
लाभ, दोन, तीन, चार...
पण नुसता सहा हवा असेल
तर लाभापासून चालत यावं लागतं,
मधूनच कुठे चढता येत नाही होडीत.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म खिडकीला धरली.
पाढे, त्या म्हणाल्या, बोलण्याच्या आळीतच राहतात,
घोकलेल्या आरतीसारखे.
ती आळी पाण्याखाली गेलीय.
कमी-जास्त, उणं-अधिक,
त्यांचं घर जरा वर, उंचवट्यावर.
मी फिल्मकडे बघत राहिले.
दर्यासारखी करडी, आणि डावीकडे
एवढीशी काळी खाडी.

घरी येऊन विचारलं, बाबा, सात साते?
ओठ हलले. सात साते... सात साते...
वल्हं मारावं आणि होडी जागच्या जागी फिरावी, तसं.
मग म्हणाले, पन्नास.
आणि डाव्या हाताची पाचही बोटं माझ्यासमोर धरून
करंगळी मिटली.

मला वेळ लागला कळायला.
चाळीस वर्षं म्हणतेय मी एकोणपन्नास,
एकदाही ऐकला नव्हता
त्या शब्दातला एक उणा.

भाचीला सांगितलं तर ती वैतागली.
तिची वेगळीच भांडणं:
तेवीस म्हणता म्हणजे आधी तीन ऐकू येतो,
म्हणून मी आधी तीन लिहिते,
मग बाई बत्तीस झाले म्हणून खोडतात.
इंग्रजीत कसं, वीस पुढे, तीन मागून, रांगेत.
मी म्हटलं, आपल्यात धाकटा आधी दारात येतो.
तिला पटलं नाही.

दिलबहादूर नेपाळचा, आमच्या बोटीवर सहा हंगाम.
शिव्या कोळ्यांच्या देतो, गाणी हिंदीत,
पण पगाराच्या नोटा मोजताना
ओठांवर दुसरंच काही पुटपुटतं.
पैसे मोजताना माणूस आपल्या गावी जाऊन येतो.
माझंही तेच. मशीन लिटर दाखवतं,
मी आतल्या आत औट चोक म्हणते,
आणि आवाज माझा नसतो.

काल बोट लागली. बाबांना खुर्चीसकट
रेतीवर नेलं, त्यांनी हट्टच धरला.
दिलबहादूरने टोपली त्यांच्या पायाशी ओतली.
सात माणसं.
डाव्या हाताने, हळूहळू, एक शब्द न बोलता
त्यांनी वाटे लावले.
मोठ्याशेजारी दोन बारके,
एका ढिगातली म्हाकूल दुसऱ्यात,
पुन्हा बघितलं, डोळे बारीक करून,
एक बांगडा इकडून तिकडे.
कुणी कुरकुर केली नाही.
मी मनात मोजून पाहिलं, चूक नव्हती.

मग बाजूला एक आठवा ढीग लावला,
त्यांचा स्वतःचा, बोटीवर न गेलेल्या माणसाचा.
त्याकडे जरा वेळ बघत बसले,
आणि त्यातले बांगडे
एकेक करून बाकीच्यांत टाकत गेले.
रेतीवर नुसता ओला डाग उरला.

किती झाले, बाबा? मी विचारलं, सवयीने.
त्यांनी तोंड उघडलं.
लाभ, म्हणाले,
आणि पुढचा आकडा शोधत
दर्याकडे बघत राहिले.