मुद्दल

माझ्या टेबलाशी खिडकी आहे, हे नशीब.
सू फॉल्समध्ये नोव्हेंबरात पाचच्या आत अंधारतं,
आणि शेवटच्या पाळीत मी फोन करते
ज्यांचे हप्ते नव्वद दिवस थकलेत त्यांना.
समोरच्या पडद्यावर वाक्यं तयार असतात.
तिसरं वाक्य : मी तुमची अडचण समजू शकते.
ते वाचताना श्वास कुठे घ्यायचा, तेही लिहिलंय.

डेल्मार ग्रोटे, वय एकसष्ट, नेब्रास्का.
एकोणीस हजार घेतले होते.
तेवीस हजार भरले.
बाकी एकवीस.
"बाई, गणितात नापास होऊनच कॉलेज सुटलं माझं,
तेव्हा जरा सावकाश समजावा."

मी समजावलं. सवलतीचा काळ, थांबलेले हप्ते,
न थांबलेलं व्याज, ते मुद्दलात मिसळणं, त्यावर पुन्हा...
मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी भांडी लावत होतं.
"व्याजाचं राहू द्या," तो म्हणाला, "मुद्दलाचं बोला.
तीन सत्रं शिकलो. पदवी काही पदरी पडली नाही.
पण त्या तीन सत्रांचं जे माझ्यापाशी आहे
ते तुमच्या कागदावर कुठे दिसतं का?"

दिसत नव्हतं. तसा रकानाच नाही.

मी भूशास्त्र शिकलेय.
इथे कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.
पण थर कसे बसतात ते मला चांगलं कळतं :
कणावर कण, कुणाचं लक्ष नसताना,
खालचा वरच्याच्या ओझ्याने घट्ट होत जातो
आणि एक दिवस त्याला वाळू म्हणता येत नाही.
हे मी डेल्मारला सांगितलं नाही.
संभाषण ध्वनिमुद्रित होत होतं.
शिवाय मीही भरते, महिन्याला चारशे बारा डॉलर,
ह्याच कंपनीला. पगार एका दाराने येतो,
पाच तारखेला दुसऱ्या दाराने घरी जातो.

रविवारी बहिणीची मुलगी आली, ब्रिटा, सतरा वर्षांची.
हातात कॉलेजचं पत्र. अभिनंदन मोठ्या अक्षरांत,
उरलेला आकडा तळाशी, बारीक.
"मावशी, जाऊ का?"
बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी अपघातातून वाचून शहाणी झालेली बाई.

मला काही सुचेना, म्हणून तिला धबधब्याशी नेलं.
काठाच्या गुलाबी दगडावर बर्फाची साय होती.
ह्या दगडाची इथे चर्चं आहेत, जुना तुरुंग आहे,
उन्हाळ्यात लोक त्यावर बसून सँडविच खातात.
मी हातमोजा काढला, साय पुसली.
खाली लाटा होत्या.
बोटांच्या पेरांएवढ्या, दगडात तशाच थांबलेल्या.
माणूस नव्हता, मासासुद्धा नव्हता,
तेव्हा उथळ पाण्यावर कुठल्याशा दुपारी उठलेल्या.

दुसऱ्या वर्षाला एका बाईंनी आम्हाला
इथेच गुडघ्यांवर बसवलं होतं.
त्या दिवशी माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं.
बाकी काही अजून फिटलेलं नाही.

ब्रिटाने बोट फिरवलं, बराच वेळ.
मग विचारलं, "हे बघायला चारशे बारा?"
"महिन्याला," मी म्हणाले. "अजून अकरा वर्षं."
ती हसली. मीही. नाकं लाल झाली होती.
पत्र तिने घडी घालून खिशात ठेवलं,
टाकलं नाही, भरलंही नाही.

सोमवारी नियमाप्रमाणे डेल्मारला पुन्हा फोन लावला.
तिसऱ्या वाक्याच्या आधीच, पडद्यावर नसलेलं, मी विचारलं :
"त्या तीन सत्रांत काय शिकलात?"
कुत्रं भुंकलं. खुर्ची सरकली.
मग तो मधमाश्यांविषयी बोलू लागला,
एका मास्तरांनी वर्गात आणलेल्या काचेच्या पोळ्याविषयी,
फुलं कुठे आहेत हे नाचून सांगणाऱ्या माशीविषयी,
दिशा, अंतर, सूर्याशी कोन :
गणितात नापास झालेला माणूस
मला कोन समजावत होता.

बावीस मिनिटं. नियम सहाचा आहे.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
ग्राहकाशी मुद्दलाविषयी चर्चा झाली.