तिसऱ्यातच

गाडी तिसऱ्या गिअरवर अडून बसलेली,
देवास नाक्यापासून तशीच आली, कण्हत.
मालक म्हणाले, शोरूमवाले सांगतात गिअरबॉक्सच बदला.
आकडा सांगताना त्यांचाही आवाज वर चढेना.

धारकर मिस्त्री गप्प.
उजव्या कानानं त्यांना येत नाही, डाव्यानं निवडक.
मीटरची लाल काडी इथे, काळी तिथे:
चौदा ओहम. चौदा. पंधरा. चौदा.

मग एकेका सोलेनॉइडला बॅटरी दाखवत
गिअरबॉक्सच्या पाठीवर तळहात.
टक्, मला ऐकू येतं.
त्यांना हाताला कळतं.
चारही बोलले.
"पोटात काही नाही रे. वाटेत आहे."

दुपारभर ते वायरिंग चाचपत राहिले,
वीत वीत हलवत,
मी आकड्याला डोळे लावून.
"गेला!" मी ओरडलो, मग खांदा हलवला.

बॅटरीच्या ताटाखाली
वरून धडधाकट दिसणारी तार,
सोलली तर आत हिरवी भुकटी.

संध्याकाळी रिंग रोडवर
एक हात डॅशबोर्डवर ठेवून विचारतात,
"पडला का चौथा?"
आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता
पाचव्याकडे निघतात.