रुमालाखाली

रात्री दीडला माझा प्रोग्राम अडून बसायचा
पटाच्या मधोमध, एका प्याद्यापाशी.
हे मारू का? सवाल एवढाच.
आणि तो सगळा पट उपसायचा:
घोड्यानं मारून बघ, मग उंटानं, मग वजिरानं,
प्रत्येक मेलेली सोंगटी परत जागेवर ठेव.
उदगीरचा उन्हाळा. पंखा गरम हवाच ढवळायचा.

बसलिंगकाका हाळीच्या बाजारात दलाल.
बुद्धिबळ त्यांना येत नाही.
पाणी प्यायला उठले, स्क्रीनकडं बघत राहिले.
"काय करूलालीस? दर बोलीला बैल
घरी न्हेऊन परत आनूलालीस व्हय?"
खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला
आणि खालून बोटं धरली.

बैल जागचा हलत नाही.
बोलतात ती बोटं.

"आदी ल्हान बोट."
म्हणजे प्यादं. मग घोडा, उंट. वजीर शेवटी,
तोही नाइलाज असेल तर.
"म्होरल्याच्या मागं कोन हाय ते बी धर,
म्होरला सरला की त्यो दिसतो."
हत्तीमागचा हत्ती. मी धरला.
"आता शेवटाकडनं माघारी ये.
जिथं तोटा दिसंल तिथं हात काडून घ्यायचा.
हात काडायला कुनाची बंदी हाय?"

माझी चूक हीच. माझ्याकडं दोघंही
शेवटची सोंगटी संपेतोवर मारत सुटायचे.

पहाटे एकच घर, आकड्यांची एक छोटी रांग.
घोडा तीनशे, प्यादं शंभर, मागं राखणदार प्यादं.
एकही सोंगटी न उचलता उत्तर आलं: नको.
पापणी लवायच्या आत.

पुढच्या महिन्यात देगलूरच्या नववीतल्या पोरानं त्याला हरवलं.
हिशोब बरोबर होता, घोडा धरलेला होता.
फक्त तो घोडा राजापुढं खिळलेला,
त्याला हलताच येत नव्हतं.
काकांना सांगितलं. त्यांनी रुमाल झटकला,
घडी घातली, पुन्हा मोडली.
"बोलीत धरलेला मानूस समदाच मोकळा नसतो गं."

जिना चढताना आता ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात.
पुण्याची कंपनी विचारते, कधी निघताय.

कोण खिळलंय ते तपासायची ओळ
मी अजून घातलेली नाही.
घातली, की प्रोग्राम मंदावतो.