दुधाची चकती

बाहेर उणे एक्केचाळीस.
पारा उतरला म्हणावं, तर आमच्याकडे पाराच गोठून बसतो,
म्हणून खिडकीबाहेरच्या नळीत लाल स्पिरिट.
आणखी चार अंश घसरलं असतं तर शाळेला सुट्टी.
घसरलं नाही.

सार्गिलाना बाई म्हणाल्या होत्या,
घरातली एक वस्तू आणा.
तिला विचारा, तू कोण?
आणि ती सांगेल ते लिहा.
रंग, आकार, वजन, वास.
कडक की मऊ? बुडते की तरंगते?
विरघळते, की हट्ट धरून बसते?

एर्चिमनं आणला खिळा.
चुंबक दिसताच धावला, टक्‌कन चिकटला.
"जुनी ओळख आहे त्यांची," एर्चिम म्हणाला.
तुयारानं आणला घोड्याच्या शेपटीचा केस:
वाकतो, तुटत नाही,
चुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही.
न्युर्गुननं पाण्यात मीठ ढवळलं
आणि ओरडला, "गायब!"
बाईंनी त्यालाच ते पाणी चाखायला लावलं.
तोंड वेंगाडत म्हणाला, "आहे. आहे."

मी आणली दुधाची चकती.
आमच्या गावात हिवाळ्यात दूध असंच ठेवतात:
ताटलीत ओतायचं, थंड खोलीत सरकवायचं,
आणि थोड्या वेळानं बोटानं वाजवून बघायचं.
टक टक.
वहीत मी लिहिलं होतं:
रंग – पांढरा, मधोमध जरा पिवळा.
आकार – चंद्र.
नखानं ओरखडा उठत नाही, चाकूनं उठतो.
कडेचा तुकडा पाण्यात टाकला, तरंगला.
वास –
नाकाला लावली. नाक गार पडलं.
वास – नाही.

माझा नंबर शेवटचा.
तोवर चकती वाडग्यात, वाडगा हीटरजवळ.
आधी कडा सुटल्या,
मग पौर्णिमेचा चंद्र चतुर्थीचा झाला,
आणि माझी पाळी आली तेव्हा अमावास्या.
"केस्किल, तुझी वस्तू पळाली!"
सगळा वर्ग हसला.

बाईंनी वाडगा काट्यावर ठेवला.
सकाळी सहाशे वीस ग्रॅम, आता सहाशे बावीस.
वाढलं कसं?
बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून दाखवला:
बाहेरून आत आलं की काचेवर दव धरतं ना,
तसंच गार चकतीवरही धरलं.
दूध होतं तेवढंच आहे.
आकार तेवढा सोडला त्यानं,
वाडग्यानं दिला तो घेतला.

मी वाकलो,
आणि वास आला.
वाळल्या गवताचा, गोठ्याचा,
मांगासच्या ओल्या नाकाचा.
मांगास आमची गाय, पांढऱ्या तोंडाची.
गवत पुरणार नव्हतं,
म्हणून नदी गोठली तसं काकांनी तिला पलीकडे नेलं.
नदीवरून चालत गेली ती.
मागे वळून बघितलं नाही, बर्फ निसरडा होता.
ही तिची शेवटची चकती.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"वाससुद्धा गोठतो का, बाई?"
बाई लगेच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "थंडीत त्याचे कण जागचे हलत नाहीत.
ऊब मिळाली की सुटतात, नाकापर्यंत येतात."
मी वहीतलं 'नाही' खोडलं.
लिहिलं: वास – आहे. थांबावं लागतं.

मग अकरा कप, अकरा घोट.
तुयाराला पांढरी मिशी आली.
न्युर्गुननं विचारलं, "मीठ टाकू?"
कुणीच हो म्हणालं नाही.